एक डोळा नीट झाका: शाळेत जाणाऱ्या मुलांची नजर तपासून घेताना

तक्ता भिंतीवर लावून पाच मिनिटं झाली की रांगेतल्या शेवटच्या मुलालाही तो पाठ झालेला असतो. ‘एफ पी, टी ओ झेड, एल पी ई डी...’ पुढची पोरं मोठ्याने वाचतात, मागची ऐकतात आणि आपली पाळी आली की कविता म्हणावी तसं म्हणून दाखवतात. शाळांमध्ये डोळे तपासायला जायला लागले तेव्हा हे ध्यानात यायलाच मला दोन-तीन शाळा लागल्या.

दुसरी गोष्ट ध्यानात यायला मात्र वर्ष गेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पहिलीतली एक मुलगी. तिच्यासाठी इंग्रजी ‘ई’चा तक्ता लावला होता, ‘ई’चे पाय कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. डावा डोळा तळहाताने झाकून तिने भराभर दाखवलं. मग उजवा झाकला, पुन्हा सगळं बरोबर. मी ‘नजर चांगली’ असा शेरा लिहिला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. पुढच्या वर्षी तीच मुलगी समोर आली. या वेळी मी कापूस ठेवून वर चिकटपट्टी लावली होती. उजवा डोळा झाकला तर तिला सगळ्यात वरचं, पंज्याएवढं अक्षरही दिसेना. आदल्या वर्षी ती बोटांच्या फटीतून चांगल्या डोळ्यानेच पाहत होती. फसवायचं तिच्या मनातही नव्हतं. तिला दिसायचं होतं आणि जिथून दिसत होतं तिथून ती पाहत होती. चूक माझी होती.

म्हणून, पहिल्यांदाच मूल शाळेत घालणाऱ्या आईबाबांसाठी या लेखात जे काही आहे ते एका गोष्टीभोवती फिरतं: एक डोळा पूर्ण झाकून दुसऱ्याची नजर पाहिली नसेल, तर तपासणी झालेली नाही.

इतकी घाई कशाला?

जन्मतः मुलाला मोठ्यांसारखं दिसत नसतं. डोळ्यांतून स्पष्ट चित्र जात राहतं तसा मेंदू बघायला शिकतो, आणि हे शिक्षण साधारण सातव्या-आठव्या वर्षापर्यंत जोरात चालतं. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, एक डोळा तिरळा असेल किंवा त्यात मोतीबिंदू असेल, तर त्या बाजूने धूसर चित्र येतं. मेंदू ते बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्यावर काम भागवतो. याला आम्ही आळशी डोळा म्हणतो. नाव जरा अन्यायाचं आहे, कारण डोळा बिचारा काम करायला तयार असतो, मेंदूच त्याला काम देत नाही. पुढे विसाव्या वर्षी कितीही चांगला चष्मा दिला तरी त्या डोळ्याची नजर सहसा पूर्ण भरून येत नाही.

आणि मूल तक्रार करत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना त्याला व्यवस्थित दिसत असतं. ते धावतं, मोबाइलवरचं कार्टून पाहतं, जमिनीवर पडलेला साखरेचा दाणा उचलतं. ‘आमच्या बाळाला तर मुंगीसुद्धा दिसते’ असं आजी सांगते ते खरंच असतं. फक्त ती मुंगी त्याला एकाच डोळ्याने दिसते.

तेव्हा ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान एकदा तरी प्रत्येक मुलाची नजर तपासायला हवी. मुलाला काही त्रास वाटो न वाटो.

कोणत्या मुलांनी शाळेच्या तपासणीची वाट पाहू नये

काही मुलांना चाळणी, म्हणजे शाळेतली वरवरची पहिली तपासणी, लावण्यात अर्थ नाही. त्यांना सरळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यायचं:

- मूल ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा जन्माच्या वेळी वजन २ किलोपेक्षा कमी असेल. अशा बाळांच्या डोळ्यांच्या आतला पडदा जन्मानंतर महिन्याभरात तपासायचा असतो. तो तेव्हा तपासला असला तरी पुढे नंबर आणि तिरळेपणाचं प्रमाण या मुलांत जास्त असतं.
- आई, बाबा किंवा भावंडांपैकी कोणाला लहानपणी तिरळेपणा, आळशी डोळा किंवा जाड भिंगांचा चष्मा असेल.
- डोळा तिरळा दिसत असेल, मग तो दमल्यावर किंवा तापातच का दिसेना. सहा महिन्यांच्या पुढे कुठलाही तिरळेपणा ‘मोठा झाला की जाईल’ या सदरात बसत नाही.
- मूल कायम मान एका बाजूला कलती ठेवून पाहत असेल, किंवा उन्हात एकच डोळा मिटत असेल.
- संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी अडखळत असेल. हे जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्याचं लक्षण असू शकतं. नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारे ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पूर्ण झालेत का, हे लसीकरणाच्या कार्डावर पाहून घ्या.

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी दिसत असेल, तर मात्र सुट्टीची, पगाराची, कशाचीच वाट पाहू नका. पुष्कळदा ती नुसती फोटोच्या कोनाची करामत निघते. पण मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या पडद्यावरची गाठसुद्धा अशीच दिसते, आणि त्या गाठीवर उपचार करायला दिवस मोजके असतात. फोटो घेऊन त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जा.

पहिली पायरी: घरी कंगव्याचा खेळ

हा डॉक्टरी तपासणीला पर्याय नव्हे. याचे फायदे दोन. ढोबळ फरक घरीच कळतो आणि मूल खऱ्या तपासणीला तयार होतं, जे अर्धं काम आहे. तीन वर्षांचं पोर अनोळखी खोलीत अनोळखी बाईंनी डोळा झाकला की भोकाड पसरतं. घरी खेळ झालेला असेल तर तेच पोर पुढे होऊन दाखवतं.

संगणकावर साधं, ठळक न केलेलं इंग्रजी मोठ्या लिपीतलं ‘ई’ ३६ आकारात छापून घ्या. पट्टीने मोजा, उंची ९ मिलिमीटर यायला हवी. कमीजास्त असेल तर आकार बदलून पुन्हा छापा. अक्षराभोवती साधारण ४-५ मिलिमीटर जागा सोडून पेनाने चौकट काढा. चौकट विसरू नका. आळशी डोळ्याला सुटं अक्षर एकवेळ दिसतं, पण आजूबाजूला रेघा आल्या की तो गोंधळतो, आणि वहीत, फळ्यावर अक्षरं गर्दीतच असतात. हा कागद चौकोनी पुठ्ठ्यावर चिकटवा, म्हणजे चारही दिशांना फिरवता येईल.

मुलाला सांगा, हा कंगवा आहे, याचे दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखव. वर, खाली, इकडे, तिकडे. ‘डावीकडे-उजवीकडे’ असं तोंडाने म्हणायला लावू नका, ते आपल्यालाही कधी कधी जमत नाही. आधी जवळून, दोन्ही डोळे उघडे ठेवून खेळ समजेपर्यंत खेळा. एक दिवस नुसता खेळच झाला तरी चालेल.

मग अंतर. तीन वर्षांच्या मुलासाठी अडीच मीटर, म्हणजे साधारण ८ फूट. चार वर्षांच्यासाठी ३ मीटर, १० फूट. पाच पूर्ण झालेल्यासाठी ४ मीटर, १३ फूट. टेपने मोजा, पावलांनी नको. मुलाची टाच रेघेवर हवी. मुलं पुढे वाकतात, सरकतात, तेव्हा भिंतीला पाठ लावून उभं केलेलं बरं. कार्डावर उजेड पडायला हवा, कार्डामागे खिडकी नको.

आता झाकणं. तळहात नको, ओढणी नको, रुमाल तर नकोच. स्वच्छ कापसाचा चपटा बोळा पापणी मिटून त्यावर ठेवा आणि नाकाच्या बाजूनेही फट राहणार नाही अशी मायक्रोपोरची (औषधाच्या दुकानात मिळणारी कागदी) चिकटपट्टी लावा. जोरात दाबू नका, दाबलेला डोळा नंतर दोन मिनिटं धूसरच पाहतो. चिकटपट्टीला मूल घाबरत असेल तर जुन्या गॉगलच्या एका काचेवर आतून काळा कागद लावा. मग एका मोठ्या माणसाने शेजारी बसून कडेने डोकावणं होत नाही ना एवढंच पाहायचं.

कार्ड प्रत्येक वेळी पाठीमागे नेऊन फिरवा आणि पाच वेळा दाखवा. पाचपैकी चार बरोबर आले तर त्या डोळ्याचं जमलं. मग दुसरा डोळा. चुकलं तरी ‘नाही’ म्हणू नका, चेहराही तसाच ठेवा. मुलं आपल्या भुवया वाचतात. एका डोळ्याने जमलं आणि दुसऱ्याने नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोट भरलेलं असताना पुन्हा एकदा करून पाहा. तोच निकाल आला तर डॉक्टर.

एक खूण कागदापेक्षा मोलाची आहे. डावा डोळा झाकला तर मूल मजेत खेळतं आणि उजवा झाकला की पट्टी ओरबाडतं, रडतं, डोकं फिरवतं. त्याला ‘हट्टी’ म्हणू नका. तुम्ही त्याचा दिसणारा डोळा झाकला आहे.

दुसरी पायरी: शाळेतली तपासणी

सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, ज्याला सगळे ‘आरबीएसकेची गाडी’ म्हणतात. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. पथकात दोन डॉक्टर, औषधनिर्माता आणि परिचारिका असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा अशी फेरी ठरलेली असते. त्यात डोळे हा एक भाग. दात, हृदय, वाढ, रक्तक्षय असं सगळंच त्यांना एका दिवसात पाहायचं असतं. एका मुलाच्या वाट्याला किती मिनिटं येणार याचा हिशोब तुम्हीच करा. यात पथकाला नावं ठेवण्यासारखं काही नाही, पण ‘शाळेत तपासलंय’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. शिवाय तुमचं मूल विनाअनुदानित, खासगी शाळेत असेल तर ही गाडी तिथे येईलच असं नाही. मग जबाबदारी तुमची.

वर्गशिक्षिकेला तीन प्रश्न विचारा. तपासणी नक्की कधी झाली? प्रत्येक डोळा वेगळा तपासला का आणि कशाने झाकला? आकडा काय आला? ‘ठीक आहे’ हा आकडा नव्हे.

आकडा असा वाचायचा: ६/१२ म्हणजे चांगल्या नजरेच्या माणसाला जे अक्षर १२ मीटरवरून दिसतं, ते या मुलाला ६ मीटरवर आल्यावर दिसतं. काही ठिकाणी तेच फुटांत, २०/४० असं लिहितात. तीन वर्षांच्या मुलाला ६/१५, चार वर्षांच्याला ६/१२ आणि पाच वर्षांच्या पुढे ६/९ इतकं तरी प्रत्येक डोळ्याने दिसायला हवं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या कागदावर ६/१२ पाहून घाबरायचं कारण नाही. पण एका डोळ्याचं ६/६ आणि दुसऱ्याचं ६/१२ असेल तर तक्त्यावरच्या दोन ओळींचा हा फरक पुढे तपासायलाच हवा, भले दोन्ही आकडे वयाला धरून असोत.

ज्यांना अक्षरं येत नाहीत त्यांच्यासाठी ‘ई’चा तक्ता किंवा चित्रांचा तक्ता असतो. सफरचंद, घर, चौकोन आणि वर्तुळ ही चार चित्रं तुम्हाला दिसतील. ती फिनलंडच्या डॉक्टर लेआ ह्युव्हारिनेन यांनी तयार केली आहेत. आपल्याकडची मुलं त्या सफरचंदाला कधी पेरू म्हणतात, कधी ‘हार्ट’. काहीही म्हणू द्या, दर वेळी तेच म्हटलं म्हणजे झालं. काही खासगी शाळांत हातातल्या कॅमेऱ्यासारखं यंत्र घेऊन येतात, मीटरभर अंतरावरून काही सेकंदांत फोटो घेतात. न बोलणाऱ्या मुलांसाठी ते फार सोयीचं. मात्र ते नंबर असण्याची शक्यता सांगतं, मुलाला प्रत्यक्ष किती दिसतं ते नाही.

तिसरी पायरी: ‘पुढे दाखवा’ अशी चिठ्ठी आली

चिठ्ठी म्हणजे निदान नव्हे. चाळणीत काही चांगलं धान्यही अडकतं. पण चिठ्ठी दप्तराच्या तळाशी डब्याच्या तेलात भिजून जाते हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी फोन नंबर घेऊन ठेवते.

ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. तिथून सुरुवात करा, पुढे गरज लागली तर उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय. शाळकरी मुलांना चष्मा राष्ट्रीय अंधत्व व दृष्टिदोष नियंत्रण कार्यक्रमातून मोफत मिळतो, त्याबद्दल स्वतःहून विचारा. मोठ्या शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे नेत्रविभाग आहेत, मुंबईत जे. जे., पुण्यात ससून. पुण्याचं एच. व्ही. देसाई यांच्यासारखी न्यासाची नेत्र रुग्णालयंही आहेत. खासगीत जात असाल तर लहान मुलांचे डोळे नेहमी पाहणारे डॉक्टर शोधा. चष्म्याच्या दुकानात संगणकावर नंबर काढून तिथेच फ्रेम निवडणं, हे पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत करू नका.

का ते सांगते. लहान मुलाच्या डोळ्यातलं भिंग फार लवचीक असतं. यंत्रात डोकावताना मूल नकळत ते ताणतं आणि यंत्र मुळात नसलेला उणे (मायनस) नंबर दाखवतं, किंवा असलेला अधिक (प्लस) नंबर लपवतं. म्हणून मुलांचा पहिला नंबर औषध टाकून, भिंग सैल करूनच काढायचा. कधी दवाखान्यातच थेंब टाकतात, कधी अ‍ॅट्रोपीनचं मलम दोन-तीन दिवस घरी लावून यायला सांगतात. मलम तांदळाच्या दाण्याएवढं पुरतं. लावल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर, नाकाच्या बाजूला, मिनिटभर बोट दाबून धरा म्हणजे औषध घशात उतरत नाही. हात धुवा, ट्यूब मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका. मूल लालेलाल झालं, ताप आला, बडबडायला लागलं तर मलम थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा. मुलाला कधी फिट आली असेल तर मलम सुरू करण्याआधीच सांगा. बाहुली पुढे आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे मोठी राहते. उजेड बोचतो, जवळचं धूसर दिसतं. शाळेत बाईंना कल्पना द्या, नाहीतर त्या दिवसांत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा यायचा.

चौथी पायरी: चष्मा

भिंग पॉलिकार्बोनेटचं घ्या, फुटून डोळ्यात जात नाही. फ्रेम अशी की मुलाच्या बाहुल्या काचेच्या मध्यावर येतील आणि मूल वरून पाहणार नाही. लहानग्यांना मागे इलॅस्टिकचा पट्टा लावता येतो. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून मोठी फ्रेम घेऊ नका, तो युनिफॉर्म नाही.

चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत. ‘फक्त अभ्यासाला’ असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच तसं. चष्म्याने नंबर वाढतो ही समजूत मी रोज ऐकते. नंबर वाढतो तो डोळ्याची लांबी वाढते म्हणून, आणि ती उंचीसारखी वाढायची ती वाढते. गाजर खाऊन नंबर जात नाही. काजळ, मध, गुलाबपाणी डोळ्यात घालू नका. मुलं रोज दोनेक तास मोकळ्या उजेडात खेळली तर उणे नंबर लागण्याचं प्रमाण कमी होतं, एवढं मात्र अभ्यासांतून दिसलेलं आहे. तेव्हा अंगणात, मैदानात पाठवा.

आणि एक. ‘मुलीला चष्मा नको हो, काही गोळी द्या’ असं म्हणणारे पालक अजूनही येतात. मुलाच्या बाबतीत हे वाक्य मी क्वचित ऐकलंय. यावर मी आता वाद घालत नाही, त्यांच्याच डोळ्यांवर धूसर भिंगाची चाचणी फ्रेम चढवते आणि मुलीची वही वाचायला देते.

पाचवी पायरी: पट्टी

आळशी डोळा निघाला तर आधी चष्मा लावून तीन-चार महिने थांबतात, कारण नुसत्या चष्म्यानेही नजर बरीच सुधारते. उरलेल्यासाठी पट्टी. ती चांगल्या डोळ्यावर लावायची. हे ठळक लिहायचं कारण, आठवडाभर आजारी डोळ्याला ‘विश्रांती’ देऊन आलेलं एक घर तरी दर वर्षी भेटतं.

पट्टी त्वचेवर चिकटवायची आणि वर चष्मा घालायचा. चष्म्याच्या काचेला कागद लावला तर मूल काचेच्या वरून पाहतं, बोटांच्या फटीसारखंच. किती तास ते डॉक्टर ठरवतात. मध्यम आळशी डोळ्यासाठी सात वर्षांखालच्या मुलांत रोज २ तास पट्टी ६ तासांइतकीच उपयोगी पडते, असं अमेरिकेत २००३ साली झालेल्या एका चाचणीत दिसलं. त्यामुळे हल्ली बऱ्याच मुलांचं दोन तासांवर भागतं. ते दोन तास मात्र प्रामाणिक हवेत. त्या वेळात बारीक काम द्या: मणी ओवणं, तांदळातले खडे वेचणं, मटार सोलणं, वर्तमानपत्रातल्या मथळ्यातले सगळे ‘क’ गोल करणं. पट्टी लावून जिना, सायकल, रस्ता नको. पहिले आठ दिवस घरात महाभारत होतं. शाळेतून आल्यावर लगेच, ठरलेल्या वेळी, भिंतीवरच्या कालनिर्णयवर रोज एक टिकली चिकटवून केलं तर दुसऱ्या आठवड्यात निवळतं.

दर दीड-दोन महिन्यांनी डॉक्टरांकडे फेरी चुकवू नका. पट्टी जास्त झाली तर चांगल्या डोळ्याची नजर उतरू शकते. सुधारणा झाली म्हणून मनाने बंद केली तर काही मुलांत नजर पुन्हा घसरते. मूल आठ-नऊ वर्षांचं होऊन गेलं असेल तरी ‘आता काय उपयोग’ म्हणून परत जाऊ नका. फायदा कमी होतो, संपत नाही.

वर सांगितलेली मुलगी आता चष्मा लावते, पट्टीचे दोन तासही करते. तिची आई एकदा धाकट्याला कडेवर घेऊन आली होती. तो साडेतीन वर्षांचा. ‘याला काही त्रास नाही, सहज आणलाय,’ म्हणाली. मी कापूस आणि चिकटपट्टी काढली.